रस्त्याचेही तिकीट हवे

गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागात मोटार न्यायची असेल तर तिचे शुल्क भरावे लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे घर रायपूरच्या शंकर नगरमध्ये आहे. सुट्टीत गेलो की सकाळी दिसते, एकेका मोटारीत एकेक माणूस आणि सगळे निघालेत जयस्तंभ चौकाकडे. बाबाही त्यांतलेच. "बसला तिकीट पडते, गाडी तर दारातच उभी आहे," हे त्यांचे म्हणणे.

त्यांचा हिशेब बरोबर आहे. गाडीचा हप्ता आणि विमा भरून झालेला असतो. रोज जाणवते ते फक्त पेट्रोल. आपल्या मोटारीमुळे मागच्या बसमधले चाळीस जण खोळंबतात, त्याचे बिल कोणालाच येत नाही.

मोठी माणसे म्हणतात, आधी भरपूर बस द्या, लोक आपोआप गाड्या सोडतील. स्टॉकहोमने हे करून पाहिले. तिथे ऑगस्ट २००५ मध्ये जादा बस सुरू झाल्या, तरी मोटारी जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. जानेवारी २००६ मध्ये शुल्क लागले आणि मध्यभागात ये-जा करणारी वाहने सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. जुलैअखेर प्रयोग थांबला, तशी वाहतूक पुन्हा वाढली. शेवटी मतदान घेऊन २००७ मध्ये शुल्क कायम केले.

मग मुंबईच्या वेशीवर पाच टोलनाके असूनही गर्दी का हटली नाही? कारण तो टोल उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता. पहाटे तीनला आणि सकाळी नऊला मोटारीला तेच ४५ रुपये. वेळ बदलणाऱ्याचा फायदा काय? (मेसमध्ये सगळ्यांना एकदम सोडले तर काय होते, हे कॅडेटांना सांगायला नको.) ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना तो टोलही माफ झाला.

लंडनने २००३ मध्ये शुल्क लावताना मोटारसायकलींना सूट दिली आणि उरलेला पैसा वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन घातले. रायपुरात दोन्ही हवे. इथे कितीतरी घरांचा रोजगार स्कूटरवर चालतो, त्यांच्याकडून वसुली नको. आणि शुल्क लागण्याआधी शंकर नगरच्या थांब्यावर बस ठरल्या वेळी आली पाहिजे. बसच नसेल तर लोक कुरकुरत पैसे भरतील आणि गाडीतूनच जातील.