नोंदणी आणि न्याय

एकाच पेठेत ‘गणेश’ नावाचे उपाहारगृह असते आणि त्याच नावाचे कापडाचे दुकानही असते. दोन्ही पाट्या पाहून गिऱ्हाईक गोंधळत नाही. इंटरनेटच्या पेठेत मात्र असा शेजार शक्य नाही. संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यांनी ओळखतात. असे आकडे माणसाच्या स्मरणात राहत नाहीत. म्हणून त्यांच्याऐवजी नावे वापरता यावीत अशी योजना १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. हेच डोमेन नाव होय. संपूर्ण डोमेन नावाचा साऱ्या जगात एकच धनी असतो, आणि सामान्यतः जो आधी येतो त्याच्या नावे ते नोंदले जाते. नोंदणी करणारी संस्था अर्जदाराचा हेतू तपासत नाही.

वादाचे मूळ येथेच आहे. कोणी प्रसिद्ध नाव आधीच अडवून ठेवतो आणि त्यावर खरा हक्क असणाऱ्याकडे पैसे मागतो. कोणी त्यात एखादे अक्षर वाढवून दुसऱ्याचे गिऱ्हाईक आपल्याकडे वळवितो. अशा वेळी नोंदणीची पावती पुरेशी मानावी काय?

बेंगळुरू येथील एका दाव्याने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातील अक्षरांपासून ‘सिफी’ हा शब्द घडविला आणि १९९९ साली ‘सिफीनेट’, ‘सिफीमॉल’ इत्यादी डोमेन नावे नोंदविली. पुढे सिफीनेट सोल्यूशन्स या कंपनीने ‘सिफ्फीनेट’ हे नाव नोंदविले. रोमन लिपीत या दोहोंत केवळ एका ‘एफ’चा फरक. हे नाव आपल्या प्रवर्तकांच्या आद्याक्षरांवरून घेतले, असा या कंपनीचा खुलासा होता. बेंगळुरूच्या शहर दिवाणी न्यायालयाने सत्यमच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. दोघांचे व्यवसाय भिन्न आहेत असे मानून कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला. अखेर ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो खुलासा न स्वीकारता मूळ हुकूम पुन्हा कायम केला.

भारतात डोमेन नावांच्या वादासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तरीही डोमेन नावाला व्यापारचिन्हाचे गुणधर्म असू शकतात, आणि आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्यास प्रतिबंध करणारे जुने तत्त्व त्यालाही लागू पडते, असे न्यायालयाने ठरविले. चुकून भलत्याच संकेतस्थळी पोहोचलेला ग्राहक, हवी ती सेवा न मिळाल्यामुळे, पहिल्याच व्यापाऱ्याला दोष देऊन निघून जाईल, हा त्यामागील विचार होता.

हा विचार योग्यच म्हणावा लागेल. नोंदणी केवळ क्रम सांगते. सचोटी सांगत नाही. नावाची पत वर्षानुवर्षांच्या सेवेने मिळते, आणि फसगत होते ती शेवटी ग्राहकाची.

तथापि या तत्त्वाचे शस्त्र केवळ बलाढ्यांच्या हाती राहू नये. १९९९ साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नावांचे भ्रामक साम्य, प्रतिपक्षाचा त्या नावावर रास्त हक्क नसणे, आणि नोंदणी व वापर या दोहोंमागील दुष्ट हेतू. केवळ साम्य पुरेसे नाही. स्वतःच्याच नावाने प्रामाणिकपणे दुकान चालविणाऱ्या लहान व्यापाऱ्याचे नाव हिसकावण्यासाठी कोणी तक्रार केली, तर ती तक्रारच दुष्ट हेतूची आहे, असा निर्णयही त्या नियमांनुसार देता येतो. कायद्याचा काटा दोन्ही पारड्यांसाठी सारखाच असावयास हवा. नाव आधी कोणी लिहिले, एवढेच विचारून भागणार नाही. ते का लिहिले, हेही विचारले पाहिजे. लहानमोठ्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारला जाईल, तेव्हाच या नव्या पेठेतील पाट्यांवर ग्राहकाला विश्वास ठेवता येईल.