लवकर मेला म्हणजे म्हातारा झाला?

उंदराचे आयुष्य कमी करायला फारसे डोके लागत नाही. एखादे मोक्याचे जनुक मोडले की प्राणी खंगतो, पाठीला कुबड येते, केस विरळ होतात आणि काही आठवड्यांत पिंजरा रिकामा होतो. नेहमीचा सी५७बीएल/६ उंदीर दोन वर्षांहून अधिक जगतो. तेवढा काळ थांबायला ना निधी असतो, ना पीएचडीची मुदत. त्यामुळे तीन महिन्यांत ‘म्हातारा’ होणारा उंदीर हवाहवासा वाटतो, यात नवल नाही. पण तो खरोखर म्हातारा झाला, की नुसताच आजारी पडून मेला?

क्लोथो या जनुकाचे उदाहरण घ्या. जपानमध्ये माकोतो कुरो-ओ आणि सहकाऱ्यांना ते मोडलेला उंदीर योगायोगाने मिळाला. बाहेरून घातलेले जनुक भलत्याच जागी जाऊन बसले होते. धमन्या कडक, हाडे ठिसूळ, कातडी पातळ, फुप्फुसे फुगलेली आणि आयुष्य जेमतेम दोन महिन्यांचे. १९९७ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आले तेव्हा वार्धक्याचे जनुकच सापडल्याची हवा झाली. पुढे उलगडले ते असे: या जनुकापासून बनणारे क्लोथो हे एफजीएफ-२३ या संप्रेरकाचे सहग्राही प्रथिन आहे. ते नसले की मूत्रपिंड पुरेसे फॉस्फेट बाहेर टाकत नाही आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप बेसुमार वाढते. खाद्यातले फॉस्फेट कमी केले, तर ‘वार्धक्याची’ बरीच लक्षणे ओसरतात. म्हणजे ही बरीचशी खनिजांच्या चयापचयाची कथा होती. मात्र २००५ मध्ये कुरो-ओ यांच्याच गटाने क्लोथो वाढवून उंदरांचे आयुष्य नेहमीपेक्षा लांबवून दाखवले. आमच्या मते खरा पुरावा हा दुसरा. आयुष्य कशानेही तुटते. वाढते मात्र क्वचित.

वर्नर सिंड्रोमची गंमत उलटी. माणसात ज्या जनुकाच्या दोषाने ऐन तारुण्यात केस पिकतात, मोतीबिंदू होतो, ते उंदरातून काढले तर तो जवळपास ठणठणीत राहतो. कारण प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोके, लांबलचक असतात. ती टोके राखणारे टेलोमरेजही काढून काही पिढ्या वाढवल्या, तेव्हा कुठे रोग दिसला.

प्रोजेरियाच्या, म्हणजे मुलांना अकाली म्हातारे करणाऱ्या रोगाच्या, उंदरांनी मात्र पैसे वसूल केले आहेत. कारण तिथे प्रश्न नेमका होता. २००३ मध्ये लॅमिन-ए जनुकातला एका अक्षराचा बदल सापडला. मग मानवी सदोष जनुक बाळगणारे उंदीर तयार झाले आणि २०२१ मध्ये अशाच उंदरांत ते एक अक्षर दुरुस्त केल्यावर आयुष्याचा मध्यक २१५ दिवसांवरून ५१० दिवसांवर गेला. या रोगावरचे लोनाफार्निब हे औषधही २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. हे यश एका रोगावरच्या उपचाराचे आहे. तुमच्या-आमच्या साठीचे नव्हे.

तरी इथेही सावध राहायला हवे. प्रोजेरियाची मुले बहुधा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने जातात. उंदीर बहुतेकदा कृश होऊन मरतो. धमनीतला मेदाचा थर पाहायचा, तर माद्रिदच्या व्हिसेंते आंद्रेस यांच्या गटाला आधी रक्तातला मेद हटवायला मदत करणारे ‘एपीओई’ जनुक काढावे लागले. २०१९ मधला एक निष्कर्ष तर प्रत्येक प्राणिगृहाच्या दारावर लावावा असा आहे: नुसता स्निग्ध आहार दिल्यावर प्रोजेरियाच्या उंदरांचे आयुष्य दुप्पट झाले. मग एखाद्या औषधाने ते पाव पटीने वाढवले, तर श्रेय रेणूला द्यायचे की उंदीर दोन घास जास्त खाऊ लागला याला? जाळीवरचे कडक खाद्य त्या दुबळ्या जबड्याला फोडता येत होते का, हे शोधनिबंधात सहसा सापडत नाही. वजन ठरावीक टक्क्यांनी घटताच प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा, हा नियम योग्यच आहे. पण मग तुमचा जगण्याचा आलेख प्रत्यक्षात वजनाचा आलेख असतो.

म्हणून लेखकांना विनंती. अल्पायुषी उंदरांवरचा लेख आमच्याकडे पाठवताना शवविच्छेदनात काय दिसले ते लिहा. खाद्य कोणते होते, ते पिंजऱ्याच्या तळाशी ठेवले होते का, प्रत्येक गटाचे वजन कसे बदलले, नर-मादी किती आणि तुलनेचे उंदीर त्याच वेतातले होते का, हेही कळवा. एवढे नसेल तर शीर्षकातून ‘वार्धक्य’ हा शब्द काढा. लेख आम्ही तरीही आनंदाने वाचू.