मोतीला कोण सांभाळणार?

‘‘डॉक्टर, ऑपरेशन दिवाळीनंतर करू. आत्ता गेलो तर मोतीला कोण सांभाळणार?’’

तीन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सकाळी, माझ्या दवाखान्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हा प्रश्न विचारला होता. वय ७४. पत्नी निवर्तलेली, मुलगी बंगळूरला. घरात ते आणि ११ वर्षांचा लॅब्रडॉर, एवढाच संसार. त्यांच्या उजव्या जांघेत हर्निया होता आणि सर्जननी शस्त्रक्रियेची तारीखही दिली होती. मी हसून म्हणालो, ‘‘काका, कुत्र्यासाठी कोणी ऑपरेशन पुढे ढकलतं का?’’ ते काही बोलले नाहीत. पिशवी उचलून शांतपणे निघून गेले.

दिवाळी यायची होती. त्याआधीच, एका मध्यरात्री त्यांचे आतडे हर्नियात अडकले. उलट्या, असह्य वेदना, फुगलेले पोट. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटू लागला की तासांचा हिशेब करावा लागतो. त्यांना तातडीने रुग्णालयात हलवले. आतड्याचा काही भाग काढावा लागला. ठरवून केली असती तर एकदोन दिवसांत आटोपणारी शस्त्रक्रिया ११ दिवसांच्या मुक्कामावर गेली. इकडे घाईघाईत घराला कुलूप लागले होते, आणि किल्ली काकांच्या खिशात रुग्णालयात गेली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सतत भुंकण्याचा आवाज ऐकून शेजाऱ्यांनी कुलूप फोडले. मोती वाचला. काकाही वाचले. परंतु श्रावणातले माझे ते हसणे मला अजून बोचते. त्यांनी मला एक खरी अडचण सांगितली होती. मी ती अडचण मानलीच नाही.

तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना मी आवर्जून विचारतो, ‘‘घरी जनावर आहे का? तुम्ही चार दिवस नसलात तर त्याचं कोण बघेल?’’ या प्रश्नाचे उत्तर नसल्यामुळे मोतीबिंदू, गुडघा, अँजिओग्राफी असे बरेच काही पुढे ढकलले जाते. रुग्ण मात्र ‘थंडी संपू द्या’, ‘नातवाची परीक्षा होऊ द्या’ अशी कारणे सांगतो. खरे कारण सांगायला त्याला संकोच वाटतो.

शेजारी, भाचा, मोलकरीण हा आपला जुना आधार आता सर्वांना लाभत नाही. त्यामुळे प्राणी सांभाळण्याचा व्यवसाय आपल्या शहरांतही रुजू लागला आहे. अमेरिकेत तो बराच आधी संघटित झाला. पॅटी मोरन यांनी १९९४ साली या व्यावसायिकांसाठी ‘पेट सिटर्स इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन केली. आपल्याकडे पुण्या-मुंबईत हे काम करणाऱ्यांत पशुवैद्यकाचे विद्यार्थी असतात, गृहिणी असतात आणि पूर्णवेळ हाच व्यवसाय करणारेही असतात.

या सेवेचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिल्यात सांभाळणारी व्यक्ती दिवसातून दोनतीन वेळा तुमच्या घरी येते, खाऊ-पिऊ घालते, फिरवून आणते. दुसऱ्यात ती रात्रीही घरी मुक्काम करते. तिसऱ्यात प्राण्याला तिच्या घरी किंवा बोर्डिंगमध्ये ठेवले जाते. वयस्क कुत्र्याला आणि बहुतेक मांजरांना स्वतःचे घर सोडणे मानवत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी पहिले दोन प्रकार बरे. बोर्डिंग निवडल्यास तेथे इतर प्राण्यांच्या लसीकरणाची नोंद मागतात की नाही, हे पाहावे. ज्या ठिकाणी तुमच्या कुत्र्याचे लसपत्रक कोणी विचारत नाही, तेथे शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचेही विचारलेले नसणार.

मोबदला भेटींची संख्या, रात्रीचा मुक्काम, प्राण्यांची संख्या आणि औषधे देण्याचे काम यांवर ठरतो. तो आधी लेखी ठरवावा. केवळ स्वस्त म्हणून कोणाला निवडू नये. आपण त्या व्यक्तीच्या हाती घराची किल्ली देत असतो. ओळखपत्राची प्रत घ्यावी, आधी काम दिलेल्या दोन कुटुंबांशी बोलावे आणि शस्त्रक्रियेच्या पंधरा दिवस आधी, तुम्ही घरात असतानाच, एक दिवस तिला काम करू द्यावे. प्राणी तिच्याजवळ जातो का, पट्टा धरण्याची तिची पद्धत कशी आहे, हे त्या एका दिवसात कळते.

एका वहीत पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात : जेवणाच्या वेळा व प्रमाण, औषधाचे नाव व मात्रा, पशुवैद्याचा दूरध्वनी, लसीकरणाची तारीख, आणि तुमच्याशी संपर्क न झाल्यास निर्णय कोणी घ्यायचा त्याचे नाव. आणीबाणीत उपचारांसाठी किती खर्च करण्यास तुमची संमती आहे, तेही सहीनिशी लिहावे. दुसरी किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. काकांच्या बाबतीत एवढी एक गोष्ट असती, तरी कुलूप फोडावे लागले नसते.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे : माणसांची औषधे प्राण्यांना देऊ नयेत. पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते, आयब्रुप्रोफेन कुत्र्याला घातक ठरते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण हेही वर्ज्य. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका प्रेमाने भरवणारी माणसे मी पाहिली आहेत. मांजर सलग दोन दिवस काही खात नसेल, तर ‘रुसली असेल’ म्हणून थांबू नये. उपासाने तिच्या यकृताला इजा होते.

आता सांभाळणाऱ्याच्या आरोग्याविषयी. नेहमी प्राणी हाताळणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी, याची चौकशी जरूर करावी. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरचा, लस घेतलेला कुत्रा असला तरीही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर दिलेली लस मात्र तो आजार टाळते.

काही निवृत्त वाचक स्वतःच हे काम करू इच्छितात. प्रकृती ठणठणीत असेल तर अवश्य करावे. त्यात चालणे होते, सोबत मिळते आणि चार पैसेही. मात्र तोल जात असेल, हाडे ठिसूळ झाली असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर मोठ्या कुत्र्याचा पट्टा हाती घेऊ नये. एका हिसक्याने पडून खुबा मोडतो. पट्टा मनगटाला गुंडाळण्याची सवय तर सर्वांनीच सोडावी.

आणि शस्त्रक्रिया करून घरी परतल्यावर सांभाळणाऱ्याला लगेच निरोप देऊ नये. हर्नियानंतर ओढणारा कुत्रा सांभाळणे काही आठवडे टाळायचे असते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्राण्याला चेहऱ्याजवळ येऊ द्यायचे नसते. किती दिवस, हे तुमच्या सर्जनला विचारून तेवढे दिवस आधीच ठरवून घ्यावेत.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली. या वेळी त्यांनी ती पुढे ढकलली नाही. पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ येत होती. तपासणीला आले तेव्हा त्यांनी मला तिची वही दाखवली. ‘सकाळी पोळी व अंडे खाल्ले. सांध्यांची गोळी दिली. दुपारी दाराकडे पाहत बसला होता.’ पट्टी काढलेल्या डोळ्याने त्यांनी ती ओळ मला वाचून दाखवली आणि म्हणाले, ‘‘डॉक्टर, आता दुसऱ्या डोळ्याचीही तारीख घेऊन टाका.’’