डायलिसिस मिळाले, पण घरी पोहोचायचे कसे?

2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. राज्याच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. त्यामुळे गरीब रुग्णाला उपचार मिळवून देण्याचा कार्यकर्त्यांचा झगडा काहीसा सोपा झाला. पण मशीनवरून उठलेला रुग्ण घरी कसा पोहोचतो, हे कोण पाहते? आम्हाला आज त्याबद्दल बोलायचे आहे.

साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास डायलिसिस होते. म्हणजे आठवड्याच्या 168 तासांपैकी 12 तास रुग्ण नर्सच्या नजरेखाली असतो. उरलेले 156 तास तो कल्याण स्टेशनच्या पुलावर, शेअर रिक्षाच्या रांगेत, डोंबिवलीतील लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या जिन्यावर किंवा चाळीच्या ओल्या मोरीत असतो. पडण्याचा धोका तिथेच आहे.

हे निव्वळ 'वय झाले' म्हणून होत नाही. डायलिसिसमध्ये शरीरातले जादा पाणी काढले जाते. ते कमी वेळात जास्त काढावे लागले, तर रक्तदाब उतरतो आणि उभे राहताच चक्कर येते. मूत्रपिंड निकामी झाल्याने रक्त कमी होते, स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात. मधुमेह असेल तर पायांची जाणीव आणि नजर दोन्ही मंदावतात. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या यात भर घालतात. जो एकदा पडला, तो पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते. शिवाय डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपॅरिन देतात. त्यामुळे डोक्याला लागलेला साधा वाटणारा मारही अंगावर काढू नये.

एक पाय मोडला की घराची घडीच मोडते. रुग्णाला चालता येत नाही, पण डायलिसिस थांबवता येत नाही. मग मुलगा रोजंदारी बुडवतो किंवा मुलीचे कॉलेज सुटते. गरिबाच्या घरात पडणे ही एकट्या रुग्णाची गोष्ट राहत नाही.

कायद्याची बाजूही पाहू. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारचे दिव्यांगत्व नोंदले आहे. मूत्रपिंड निकामी होणे त्यात स्वतंत्रपणे नाही. म्हणजे जिना चढताना धापा टाकणारा माणूस केवळ या आजाराच्या आधारे दिव्यांग ठरत नाही.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक केंद्रात घरी सोडण्यापूर्वी बसून आणि उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजावा. 'गेल्या महिन्यात पडलात का?' हे विचारून नोंद ठेवावी. चक्कर येणाऱ्याला बसायला बाक आणि दारापर्यंत व्हीलचेअर असावी. लांबून येणाऱ्यांसाठी परतीच्या वाहनाची सोय करावी.

महापालिका हलेपर्यंत तरुणांनी थांबू नये. आपल्या वस्तीत डायलिसिसवर कोण आहे, याची यादी विहारात करता येईल. त्यांच्या परतीच्या वेळी दोघांनी स्टेशनवर उभे राहावे. मोरीत आधाराला दांडी, रात्री छोटा दिवा आणि पायात न घसरणारी चप्पल, एवढ्यानेही धोका कमी होतो. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. चक्कर येत असल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

दुर्लक्षित आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली, ही विनयातील कथा आपण वर्षावासात ऐकतो. शेजारच्या इमारतीतला रुग्ण जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबलेला असेल, तर त्याला हात देणे हीच त्या कथेची उजळणी आहे.

जय भीम!