मावशीच्या औषधांचा डबा



मुलीचं लग्न ठरलं की आपण महिनाभर आधीपासून याद्या करायला बसतो. पण घरातलं विस्मृती झालेलं माणूस वृद्धाश्रमात ठेवायची वेळ आली, की चार नऊवारी, देवाचा फोटो आणि औषधांचा डबा पिशवीत घालून मोकळ्या होतो. आज त्या डब्याविषयीच लिहायचं आहे.

माझी मोठी मावशी लातूरची, वय ७८. तिला डिमेन्शिया आहे. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या दर शंभरांत सातेक जणांना तो असतो, तेव्हा त्यात लपवायचं काही नाही. काका गेलेले, मुलगा-सून पुण्याला नोकरीत. म्हणून माझ्याजवळ, नांदेडच्या एका आश्रमात तिला आणलं. (लोक बोलायचं ते बोललेच. ज्यांनी असं माणूस रात्र रात्र जागून सांभाळलंय, त्या मात्र काही बोलत नाहीत.)

आठवड्यातच फोन आला. "ताई, आजी पहाटं तीन-चारला उठून दार वाजवायल्यात. बाकीच्यांची झोप मोडायलीय. डॉक्टर शांत राहायची गोळी देतो म्हणालेत, देऊ का?" मी शाळेचे पेपर तपासत होते. "द्या," म्हटलं. कसली गोळी, किती दिवस, काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी गेले तर मावशी मान टाकून बसलेली, तोंडातून लाळ, चालताना पाय ओढत होती. मला वाटलं, आजारच वाढला. दोन दिवसांनी ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

मग मात्र मी तो डबा आणि सगळ्या चिठ्ठ्या घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. नऊ तऱ्हेच्या गोळ्या, तीन डॉक्टरांच्या! त्यांनी दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. एक स्मरणशक्तीची, डोनेपेझिल. हिनं काहींना वारंवार लघवीला होते. तशी तक्रार मावशीनं केली, तर दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी थांबवायला ऑक्सिब्युटिनिन दिली. आणि ती नेमकी पहिलीच्या उलट काम करते, वर गोंधळ वाढवते. म्हणजे एका हातानं रांगोळी काढायची अन् दुसऱ्यानं पुसायची! सर्दीच्या साध्या क्लोरफेनिरामिनच्या गोळीचंही तसंच. आणि डोनेपेझिल रात्री घेतली तर काहींना वाईट स्वप्नं पडतात. मावशीला ती रात्रीच दिली जात होती.

'शांत राहायची' गोळी होती रिस्पेरिडोन. क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल ही तिचीच भावंडं. डिमेन्शियाच्या वृद्धांत यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं २००५ पासून दिलेला आहे. २००९ साली इंग्लंडच्या सरकारी अहवालात प्रा. सुबे बॅनर्जींनी अंदाज मांडला, की तिथे अशा १ लाख ८० हजार रुग्णांना या गोळ्या मिळतात, फायदा फार तर ३६ हजारांना होतो, आणि वर्षाला सुमारे १,८०० मृत्यू जास्तीचे होतात. ऐकून माझे हातपाय गार पडले. गोळी कधीच देऊ नये असं नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, भास होऊन घाबरत असेल, तर थोडी, थोडे आठवडे, आणि पुन्हा पुन्हा तपासून देतात.

मग बाईंनी विचारलं, "घरी त्या कुठं झोपायच्या?"

दाराशी! मावशीचं सासर किल्लारीकडचं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून गाव झोपलेलं, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. मी तेव्हा पाच वर्षांची. त्यानंतर मावशी आतल्या खोलीत कधी झोपलीच नाही. बाकी सगळं विसरली, हे नाही विसरली. आश्रमात तिची खाट कोपऱ्यात होती, दाराला बाहेरून कडी. हे मी आश्रमाला सांगायला हवं होतं. ते कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं.

तेव्हा बायांनो, माणूस हलवण्याआधी सगळा डबा एकाच डॉक्टरांपुढे उपडा करा. कुठली गोळी कशासाठी, कुठली आता नको, हे लिहूनच घ्या. नवी गोळी निघाली तर कशासाठी आणि कुठवर, हे विचारा. त्याआधी मलावरोध, लघवीची जळजळ, दातदुखी, कानातला मळ हे पाहायला सांगा. बोलता न येणारं माणूस दुखण्यानंही ओरडतं. पण सुरू असलेली गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका हं, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येतं.

मावशीची रिस्पेरिडोन दीड महिन्यात सुटली. लघवीची बंद झाली, डोनेपेझिल सकाळी गेली. खाट दाराशी, दार किलकिलं, झिरोचा दिवा. अजूनही ती चारला उठते. रात्रीच्या आक्का तिला अंगणात एक चक्कर मारून आणतात, अर्धा कप चहा देतात, की परत येऊन झोपते.