कचरा जाळून वीज करताना बॉयलरच्या नळ्या का खाल्ल्या जातात?

अमरावतीचा सुकळी डेपो असो की अकोल्याचं नायगाव, कचऱ्याला आग लागल्याची बातमी आली की कमेंटमध्ये कुणीतरी लिहितंच, "जाळायचाच आहे तर वीज करा ना!" म्हणणं चूक नाही. पिंपरी-चिंचवडच्या मोशीत असा प्रकल्प आहे. रोज ७०० टन कचरा, १४ मेगावॉट वीज ही त्याची क्षमता. १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं.

पण अशा भट्टीत सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते धातूला.

नळ्यांचं नेमकं काय होतं?

भट्टीच्या धगीत पोलादी नळ्या असतात. त्यांच्यात तयार होणारी वाफ टर्बाइन फिरवते. कोळशाच्या केंद्रातही हेच चालतं. फरक इतकाच की कचऱ्यात क्लोरीन बराच जास्त असतो. तो येतो उरलेल्या भाजीतल्या, लोणच्यातल्या मिठातून. आणि पीव्हीसीतून, म्हणजे वायरचं आवरण, पाइपचे तुकडे आणि हो, चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स! पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीनच असतो.

जळताना तयार झालेले क्षार राखेसोबत नळ्यांवर चिकटतात. पोलादावर एरवी ऑक्साइडचा पातळ थर असतो, तेच त्याचं कवच. क्लोरीन त्यातून आत शिरतो आणि लोखंडाला धरतो. त्यातून झालेलं आयर्न क्लोराइड वायुरूपात बाहेरच्या बाजूला येतं. तिथे ऑक्सिजन मिळाला की लोखंडाचं ऑक्साइड बनतं आणि क्लोरीन सुटून पुन्हा नळीकडे वळतो. म्हणजे थोडासा क्लोरीनही पुन्हा पुन्हा तेच काम करत राहतो.

यावर उपाय म्हणून वाफ साधारण ४०० अंश सेल्सिअसवरच ठेवतात. अकोला जिल्ह्यातल्या पारससारख्या कोळसा केंद्रात ती ५४० च्या आसपास असते. वाफ कमी तापलेली, म्हणजे तेवढ्याच उष्णतेतून वीजही कमी.

मग भारी धातू का नाही वापरत?

वापरतात. नळ्यांवर वेल्डिंगने इन्कोनेल ६२५ चा थर चढवतात. हा निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमचा मिश्रधातू. तो महाग आहे, आणि त्यानेही झीज मंदावते, थांबत नाही.

स्वस्त उपाय भट्टीच्या अलीकडे आहे. ओला कचरा वेगळा, पीव्हीसी वेगळं. क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळणं दोन वर्षांत बंद करा, असं २०१६ चे घनकचरा नियमही सांगत होते.

त्यामुळे उद्या आपल्या शहरात अशा प्रकल्पाची घोषणा झाली, तर मेगावॉटच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचारा. घंटागाडीतल्या कचऱ्यात क्लोरीन किती, हे तपासलं का? आणि नळ्या बदलायचा खर्च कंपनीचा की महापालिकेचा?