तुमच्या दुकानाचा विमा नेमका कशाचा आहे?

प्लांटमधून रिटायर झालेला माणूस भिलाईत पुढे काय करतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. कुणी नागपूर-अमरावतीकडे परत जातं, कुणी इथेच घर बांधतं, आणि कुणी पीएफच्या पैशातून दुकान टाकतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी दुकान टाकलं. पॉवर हाउसजवळ भाड्याचा गाळा. पुढे स्टेशनरी आणि गिफ्टचा माल, मागे झेरॉक्स मशीन, आणि एका कोपऱ्यात काकूंचं फॉल-पिकोचं काम.

मागच्या महिन्यात काका एक फाइल घेऊन घरी आले. म्हणाले, "बेटा, तू इंग्रजीत बी.ए. केलंस ना? यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांग." फाइलमध्ये दुकानाच्या विम्याची पॉलिसी होती. खरं सांगते, त्यापुढे शेक्सपिअर सोपा होता. पण दोन संध्याकाळी बसून वाचली, आणि वाचता वाचता काकांचा चेहरा उतरत गेला.

पॉलिसी बँकेनं कर्जासोबत काढून दिली होती. काका तीन वर्षं प्रीमियम भरत होते आणि निश्चिंत होते. विमा होता सहा लाखांचा, कारण कर्ज सहा लाखांचं होतं. दुकानातला माल मात्र दहा लाखांच्या आसपास. पत्त्याच्या जागी दुकानाचा नव्हे, घराचा पत्ता. चोरीचा तर उल्लेखच नाही. म्हणजे कागदावर जे दुकान होतं, ते काकांचं नव्हतंच.

तुमचं किंवा घरातल्या कुणाचं दुकान असेल, सलून, शिलाई, मोबाइल रिपेअरिंग, काहीही, तर पॉलिसी काढून समोर ठेवा आणि मग पुढचं वाचा. नवीन घ्यायची असेल तर उत्तमच.

आधी रकमेचं बघू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. काकांना वाटत होतं, सहा लाखांचा विमा आहे म्हणजे सहा लाखांपर्यंतचं कुठलंही नुकसान पूर्ण मिळेल. तसं नसतं. समजा माल दहा लाखांचा आहे, विमा सहा लाखांचा, आणि आगीत तीन लाखांचा माल गेला. कंपनी म्हणते, तुम्ही मालाच्या साठ टक्केच विमा घेतलाय, म्हणून नुकसानीच्या साठ टक्केच मिळतील. हातात येतात एक लाख ऐंशी हजार. उरलेले एक लाख वीस हजार तुमच्या खिशातून. नुकसान विम्याच्या रकमेपेक्षा कमी असूनही! काकांना हे मी तीनदा कागदावर मांडून दाखवलं. चौथ्यांदा त्यांनी स्वतः मांडलं आणि गप्प झाले.

यात थोडी सवलत आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना लागू केली. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींच्या आत असेल तर ही तुमची पॉलिसी. तिच्यात विमा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडला तर कपात होत नाही. काकांचा विमा नऊ लाखांचा असता, तर तीन लाखांच्या नुकसानीत या कारणासाठी एक रुपयाही कापला गेला नसता.

मग रक्कम ठरवायची कशी? माल खरेदीच्या भावानं मोजायचा, एमआरपीनं नाही. नफा धरायचा नाही. जीएसटीचं मात्र विचारून घ्या. जळालेल्या किंवा चोरीला गेलेल्या मालावर तुम्ही इनपुट टॅक्स क्रेडिट घेतलेलं असेल, तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मुळे ते सोडावं लागतं. म्हणजे तो कर शेवटी तुमच्याच अंगावर येतो. विम्याच्या रकमेत तो धरलाय का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं.

आणि मोजणी कधीची? काका जूनमध्ये मोजत होते. मी विचारलं, शाळा उघडायच्या आधी किती माल भरता? राखीला? दिवाळीला? तेव्हा खरा आकडा बाहेर आला. वर्षातला सगळ्यात भरलेला दिवस धरून विमा घ्यायचा, किंवा सीझनपुरती रक्कम वाढवून घ्यायची. मशीन, फर्निचर, कपाटं हे सगळं मालापासून वेगळं लिहायचं. गाळा भाड्याचा किंवा लीजवरचा असेल, आणि इथे सेक्टरच्या मार्केटांपासून सुपेल्यापर्यंत अशी दुकानं खूप आहेत, तर भिंतींचा विमा मालकाचं काम. तुम्ही खर्च करून केलेलं फॉल्स सीलिंग आणि रॅक मात्र तुमचे. ते सुटू देऊ नका.

आता पत्ता. काका म्हणाले, "घरचा पत्ता असला म्हणून काय झालं, दुकान माझंच आहे ना?" तेव्हा मी त्यांना टेक्स्को मार्केटिंगची गोष्ट सांगितली. या कंपनीनं जुलै २०१२ मध्ये आपल्या दुकानाचा आगीचा विमा घेतला. दुकान तळघरात होतं. विमा कंपनीची माणसं येऊन दुकान बघून गेली होती. पुढे आग लागली आणि क्लेम नाकारला गेला. कारण काय, तर पॉलिसीत तळघर धरलेलंच नाही! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ९ नोव्हेंबर २०२२ ला न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला. तळघर आहे हे माहीत असून विमा विकायचा, वगळलेली अट सांगायची नाही आणि नंतर तीच पुढे करायची, हे चालणार नाही असं सांगितलं. न्याय मिळाला. पण पॉलिसी घेतल्यापासून दहा वर्षांनी. रिटायर झालेल्या माणसाकडे दहा वर्षं थांबायला कुठे असतात?

म्हणून पॉलिसीवर दुकान नंबर, मजला, मार्केटचं नाव, सगळं गुमास्त्यावर आहे तसंच हवं. माल मागच्या गोडाउनमध्ये किंवा घराच्या माळ्यावरही ठेवत असाल, तर तो पत्ताही हवा. काकांचा दिवाळीचा अर्धा माल घरातल्या दिवाणात असतो, हे मला काकूंकडून कळलं.

चोरीची गंमत वेगळीच आहे. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल, अगदी वरच्या मजल्यावरची टाकी फुटून आलेलं पाणीसुद्धा आहे. चोरी फक्त एका बाबतीत: अशी काही आपत्ती आली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत माल चोरीला गेला तर. एरवी रात्री शटर तोडून झालेल्या चोरीसाठी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आणि त्या कव्हरमध्येही 'तोडून' हा शब्द महत्त्वाचा. २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पॉलिसीच्या शब्दांत बळजबरीनं आत शिरणं असेल, तर कुलूप न तोडता झालेली चोरी त्यात बसत नाही. गर्दीच्या वेळी कुणी शोकेसमधून मोबाइल उचलून नेला, तर तो नुकसानीतच. नोकरानं हात मारला तर त्यासाठी तिसरंच कव्हर, फिडेलिटी गॅरंटी. गल्ल्यात रात्रभर ठेवलेली रोख बहुतेक वेळा धरलेली नसते. तिजोरीतली, आणि बँकेत नेताना वाटेत असलेली रोख मनी इन्शुरन्समध्ये येते.

हे सगळे तुकडे एकत्र हवे असतील तर 'शॉपकीपर' नावाचं पॅकेज जवळजवळ सगळ्या कंपन्यांकडे असतं. त्यात आग, घरफोडी, रोख, काच, साइनबोर्ड, मशीन, नोकराला झालेली इजा, दुकानात घसरून पडलेल्या ग्राहकाचा खर्च असे भाग असतात. पण पॅकेज आहे म्हणून सगळे भाग चालू असतात असं नाही. ज्या भागापुढे रक्कम लिहिली आहे तोच भाग चालू. काच आणि निऑन साइनवर पैसे घालवण्याआधी घरफोडी आणि मशीन बघा, असं माझं मत. तुमचं काचेचं शोरूम असेल तर माझं ऐकू नका.

मशीनवरून आठवलं. झेरॉक्स मशीनमध्ये शॉर्ट सर्किट होऊन मशीनच जळालं, तर आगीच्या पॉलिसीतून त्या मशीनचे पैसे मिळत नाहीत. तिथून आग पसरून बाजूचा माल जळाला, तर मालाचे मिळतात. मशीनसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा भाग हवा. झेरॉक्स, मोबाइल रिपेअर, सायबर कॅफे, फोटो स्टुडिओ चालवणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचा.

आणि काकूंच्या साड्या. काकूंच्या म्हणजे काकूंच्या नाहीत, गिऱ्हाइकांच्या. लग्नसराईत एका वेळी तीस-चाळीस साड्या तिथे टांगलेल्या असतात, त्यात कुणाची पैठणी. तो माल दुकानाचा नाही, म्हणून दुकानाच्या मालात आपोआप धरला जात नाही. 'दुसऱ्याचा, विश्वासानं ठेवलेला माल' असा वेगळा लिहून घ्यावा लागतो. टेलर, लाँड्री, घड्याळवाले, मोबाइलवाले, सगळ्यांनाच हे लागू आहे. काकू हे ऐकून म्हणाल्या, "अगोबाई, आपलं गेलं तर रडू, दुसऱ्याची पैठणी गेली तर तोंड कुठे लपवू?"

काकांचं एक म्हणणं होतं, "भिलाईला कुठे पूर येतो?" शिवनाथ नदी दुर्गच्या पलीकडे आहे, हे खरं. पण तुंबलेल्या नाल्याचं पाणी गाळ्यात शिरायला नदी लागत नाही. शिवाय पूर आपल्याकडचा नसला तरी त्यातून शिकता येतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत भरलं. अशा वेळी माल भिजतो तशा हिशेबाच्या वह्या आणि बिलंही भिजतात. मग माल किती होता, हे सर्व्हेयरला दाखवायचं कशावरून? म्हणून खरेदीच्या बिलांचे फोटो, दर तिमाहीची स्टॉकची यादी आणि दुकानाचा एक पाच मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ईमेलला ठेवा. आपल्याच ईमेलवर आपणच पाठवायचं, एवढं सोपं आहे.

नुकसान झालंच तर कंपनीला लगेच कळवायचं. चोरीला पोलिसांकडे एफआयआर, आगीला फायर ब्रिगेडचा रिपोर्ट. सर्व्हेयर येईपर्यंत खराब माल फेकायचा नाही. वाचलेला माल मात्र हलवून सुरक्षित ठेवायचा. क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. छत्तीसगडसाठी हे कार्यालय भोपाळला आहे. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तरी तिथे तक्रार चालते, फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा. आयआरडीएआयचा फोन नंबर १५५२५५ आहे.

काकांनी बँकेत जाऊन पॉलिसीत बदल मागितले. आधी तिथल्या माणसानं "नवीन पॉलिसीच्या वेळी बघू" म्हटलं. काकांनी लेखी अर्ज दिला आणि त्याच्या कॉपीवर शिक्का मारून घेतला. प्लांटमध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला शिक्क्याची किंमत शिकवावी लागत नाही. रक्कम वाढली, घरफोडी जोडली गेली, काकूंच्या साड्यांची ओळ आली. गेल्या मंगळवारी सुधारणेचा कागद घेऊन काका पुन्हा आमच्या दारात. मी वाचला. सगळं बरोबर होतं, फक्त दुकान नंबर १४ च्या जागी ४१ छापला होता. काकांनी चहासुद्धा घेतला नाही, तसेच स्कूटर वळवून बँकेकडे निघाले.